मुलाने सांगितलं, आता पुढे काय? (बाललैंगिक अत्याचार: मन, उपचार, पॉक्सो)

आसावरी_माहीम

बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर अत्याचार झाल्याची घटना घडली त्याला, म्हणजे ऑगस्ट २०२४ ला, आता बराच काळ लोटला. तेव्हा इथे निघालेले धागे आठवून बघा. सगळे आरोपीला काय करावं यावर सुरू झाले आणि त्याच भांडणात बंद पडले. ते मूल रात्री झोपतं का, शाळेत परत कसं जाणार, कोर्टात त्याच्याजवळ कोण बसणार, हे कुणी विचारलंच नाही. म्हणून हा वेगळा धागा.

मी मुंबईत एका छोट्या संस्थेतर्फे सपोर्ट पर्सन म्हणून काम करते. पॉक्सो म्हणजे लैंगिक अपराधांपासून मुलांना संरक्षण देणारा कायदा. त्याच्या २०२० च्या नियमांप्रमाणे बाल कल्याण समिती मुलाच्या मदतीला अशी व्यक्ती नेमते. पोलीस, हॉस्पिटल, कोर्ट, भरपाईचे कागद, सगळीकडे मुलाबरोबर आणि घरच्यांबरोबर राहायचं, हे काम.

माझं एक ठाम मत झालंय. केस वेगळी आणि उपचार वेगळे. केस चालेल तशी चालेल, पोराचे उपचार तिच्या तारखांसाठी अडवून ठेवायचे नाहीत. ‘आधी निकाल लागू दे, मग बघू डॉक्टरचं’ म्हणणारे आईबाप मला कायम भेटतात. पॉक्सोच्या कलम ३५ मध्ये शक्यतो वर्षभरात खटला संपवा असं लिहिलंय खरं, पण दुसरीत असताना तक्रार केलेलं पोर साक्षीला उभं राहतं तेव्हा सहावीत गेलेलं असतं. तोवर काय करायचं त्याने?

सुरुवातीच्या तासांबद्दल थोडं. मूल जे सांगेल ते ऐकून घ्या. ‘मग काय झालं?’ एवढा प्रश्न पुरतो. ‘काकांनीच केलं ना?’, ‘इथेच हात लावला ना?’ हे नको. आणि कृपा करून मोबाइलवर शूटिंग करू नका. आई रडतेय, मामा प्रश्न विचारतोय, पोर मान हलवतंय, असे व्हिडिओ मी पाहिलेत. बचावाचा वकील नेमका तोच व्हिडिओ पुढे करतो आणि म्हणतो, साक्ष पढवलेली आहे. त्यापेक्षा मुलाने ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत वहीत लिहा, तारीख-वेळ टाका. ‘गुदगुल्यांचा खेळ’ म्हणालं असेल तर तसंच लिहा.

घटना ताजी असेल तर कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ओल धरते. आधी हॉस्पिटल, मग पोलीस असंही चालतं. कलम २७ प्रमाणे तपासणीसाठी एफआयआर झालेला असण्याची गरज नाही. सरकारी असो वा खासगी, अशा मुलावर मोफत उपचार करणं हॉस्पिटलला बंधनकारक आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, त्यामुळे ‘सोमवारी जाऊ’ हा विचार करू नका.

वकील आणि डॉक्टर मंडळी आहेत इथे, त्यांनी भर घालावी.

—

पश्चिम_उपनगर

वाखूसा (वाचनखूण साठवली).

—

दादरचा_वकील

आसावरीताई, चांगला धागा. पोलिसांपासून सुरुवात करतो, कारण लोकांना सगळ्यात जास्त धास्ती तिथलीच असते.

मुलाला पोलीस स्टेशनला न्यावंच लागतं, हा गैरसमज आहे. कलम २४ म्हणतं, जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्या, शक्यतो सब-इन्स्पेक्टर किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्या, अंगावर गणवेश नको, आणि कुठल्याही कारणाने मुलाला रात्री स्टेशनात ठेवू नका. आईबाप किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती शेजारी बसू शकते. खबर मिळाल्यापासून २४ तासांत पोलिसांनी बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. मुंबई शहराची समिती डोंगरीला, उपनगरांची मानखुर्दला.

‘ही आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत फिरू नका. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच लिहिलंय की हद्द कुठलीही असो, खबर नोंदवून घ्यावी लागते, आणि प्रत फुकट द्यावी लागते. बदलापूर प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली तेव्हा गुन्हा नोंदवायला झालेला उशीर हाच मोठा मुद्दा होता.

कोर्टाबद्दल नंतर लिहितो. दिंडोशीला तारीख आहे.

—

बोरीवली_फास्ट

मी दोन मुलींचा बाप. स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं कागदावर ठीक आहे. उद्या मुलीचं लग्न करायचंय, सोसायटीत राहायचंय. नातेवाइकाने कपड्यावरून हात लावला, तेवढ्यासाठी पोलीस, डॉक्टर, कोर्ट? त्याला दोन कानाखाली द्यायच्या आणि घरात पाऊल ठेवू द्यायचं नाही. आणि पॉक्सोच्या खोट्या केसेसही होतातच की. घटस्फोटाच्या भांडणात किती वापरतात ते बघा.

—

दादरचा_वकील

बोरीवलीकर, तीन गोष्टी एकत्र केल्यात तुम्ही.

कपड्यावरून हात. जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं होतं की त्वचेचा त्वचेला स्पर्श नसेल तर पॉक्सोचं कलम ७ (लैंगिक हेतूने स्पर्श) लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ ला तो निकाल रद्द केला. हेतू लैंगिक असेल तर स्पर्श कपड्यावरून झाला तरी गुन्हा आहे, शिक्षा किमान ३ वर्षं. ‘तेवढ्यासाठी’ असं काही कायद्यात नाही.

खोटी तक्रार. ती करणाऱ्या मोठ्या माणसाला कलम २२ खाली शिक्षा आहे, मुलाला नाही. घटस्फोटाच्या भांडणात गैरवापर होतो, मीही पाहिलाय. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने पळून लग्न केलं म्हणून बापाने ठोकलेल्या केसेस त्याहून जास्त पाहिल्यात. त्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. पण नातेवाइकाने हात लावलेल्या सात वर्षांच्या मुलीचा त्याच्याशी काय संबंध?

आणि दोन कानाखाली. तो माणूस तुमच्या घरात येणार नाही, मान्य. दुसऱ्या भावाच्या घरात जाईल ना? तिथेही मुलं असतील. शिवाय माहिती असून पोलिसांना कळवलं नाही तर कलम २१ खाली तुम्हालाच सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शाळा किंवा संस्थाप्रमुख असेल तर वर्षापर्यंत.

—

डॉ_मनवा

बालमानसशास्त्रज्ञ आहे, मुंबईत काम करते. बोरीवलीकरांनी लिहिलंय तेच मला रोज ऐकू येतं, फक्त सौम्य भाषेत: ‘लहान आहे, विसरून जाईल.’ त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न सगळे विचारतात तो, ओरडली का नाही? कारण भीतीच्या क्षणी पळणं आणि झुंजणं यांच्याशिवाय शरीराकडे तिसरा मार्ग असतो, थिजणं. मूल तो निवडत नाही, ते आपोआप होतं. करणारा माणूस ओळखीचा असतो, खाऊ देणारा असतो, त्यामुळे हे वाईट आहे हेच लहान मुलाला कित्येकदा कळत नाही. कळतं तेव्हा वाटतं, मी तेव्हा काही बोललो नाही, म्हणजे चूक माझीच. हा अपराधीपणा मला सगळ्यात चिवट वाटतो. भीती त्याच्या आधी जाते.

दुसरं, मूल खेळतंय, हसतंय, मग झालं ते खरं कशावरून? लहान मुलं दुःख सलग करत नाहीत. दहा मिनिटं रडतील आणि मग कार्टून लावा म्हणतील. बिघाड इतरत्र दिसतो: सुटलेली सवय परत येते, अंथरूण ओलं होतं, आईचा पदर सुटत नाही, संडासात एकटं जायला नकार, बाहुलीबरोबर तोच खेळ पुन्हा पुन्हा. वयात येणाऱ्या मुलांत वेगळं: मार्क कोसळतात, हातावर ब्लेडच्या खुणा आणि उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे, झोप नाही, सगळ्यांवर चिडचिड. आणि सगळ्यात जास्त राग आईवर, कारण तिनं वाचवायला हवं होतं असं पोराला वाटतं. आईला हे आधीच सांगावं लागतं, नाहीतर ती कोसळते.

तिसरं, पोर मध्येच म्हणतं, ‘असं काही झालंच नव्हतं.’ १९८३ मध्ये रोलंड समिट या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने अशा मुलांच्या वागण्याचा एक क्रम मांडला: गुपित, असहायता, जुळवून घेणं, उशिरा आणि अडखळत सांगणं, आणि शेवटी सांगितलेलं मागे घेणं. त्यावर पुढे वादही झाले, पण हे शेवटचं मी पुष्कळदा बघते. बाबा तुरुंगात, घरात पैसा नाही, आजी बोलत नाही, आई रडते, हे सगळं आपल्या बोलण्यामुळे झालं असं मुलाला दिसत असतं. ते आपल्या परीने घर सावरायला बघतं. त्यावरून त्याला खोटारडं ठरवू नका.

उपचार म्हणजे काय, तर आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वर्तन बदलण्यावर काम करणारी थेरपी) ही मुलांसाठी सर्वांत जास्त अभ्यासलेली पद्धत. साधारण १२ ते १६ बैठका, गुंतागुंत असेल तर जास्त. सुरुवातीला घटनेचं नावही काढत नाही. श्वास, झोप, भावना ओळखणं, अंगावर आपला हक्क आहे हे शिकणं. मग हळूहळू मूल स्वतःच्या वेगाने ती गोष्ट सांगतं, लिहितं किंवा चित्रात काढतं. माझ्याकडे एका मुलाने सगळी पानं रंगवली आणि एक घर कोरं ठेवलं. कित्येक बैठका ते कोरंच राहिलं, मी विचारलं नाही. मग एक दिवस स्वतःच खडू उचलून त्याने त्या घराच्या दाराला बाहेरून कडी रंगवली. आईबापांच्या बैठका समांतर चालतात. लहानग्यांसाठी खेळातून उपचार, काहींना ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धत). मुलांत गोळ्या हा पहिला उपाय नाही, पण झोप पार उडाली असेल किंवा जिवाला धोका असेल तर मनोविकारतज्ज्ञ देतात आणि त्या घ्याव्यात.

मुंबईत कुठे? केईएम, नायर, सायन इथे मनोविकार विभाग आहेत, केसपेपर काढून जाता येतं. महापालिकेच्या हॉस्पिटलांत अत्याचार सोसलेल्या बायका-मुलांसाठी दिलासा केंद्रं आहेत, पहिलं २००० साली वांद्र्याच्या भाभा हॉस्पिटलात सेहत संस्थेबरोबर सुरू झालं. अर्पण ही संस्था २००६ पासून याच विषयात काम करते. मजलिस कायदेशीर मदत करते. निदान फोनवर तरी बोलायचं असेल तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६.

मूल बरं होतं का? होतं. आणि कशाने, तर सांगितल्यावर घरातलं एक मोठं माणूस त्याच्या बाजूने ठाम उभं राहिलं की. अभ्यास तेच सांगतात, मलाही तेच दिसतं.

—

शाळामास्तरीण

मी महापालिकेच्या शाळेत आहे. आमच्या ओळखीच्या एका खासगी शाळेत (*, *) असाच प्रकार झाला, शिपायाने. मुख्याध्यापिकेने पालकांना बोलावून ‘शाळेचं नाव जाईल’ म्हणून माफीनामा लिहून घेतला आणि त्याला काढून टाकलं. तो आता दुसरीकडे कामाला लागला म्हणे.

—

संपादक मंडळ

वरच्या प्रतिसादातलं शाळेचं आणि भागाचं नाव काढलं आहे. पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, शेजार, प्रसिद्ध करता येत नाही. शिक्षा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. व्हॉट्सअॅपवर पुढे ढकलताना हे लक्षात ठेवावं. धागा चालू राहील.

—

आसावरी_माहीम

आभार, संपादक.

शाळामास्तरीण, माफीनाम्याला कायद्यात काही किंमत नाही. अशा गुन्ह्यात तडजोड होऊच शकत नाही, आणि त्या मुख्याध्यापिकेने न कळवणं हाच गुन्हा. तुम्हाला माहिती आहे, म्हणजे तुमच्यावरही कळवण्याची जबाबदारी येते. १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या चाइल्डलाइनला फोन करा. ती १९९६ मध्ये टिसमधून (टाटा समाजविज्ञान संस्था), आपल्या मुंबईतच सुरू झाली. २०२३ पासून सरकार चालवतं, ११२ ला जोडलेली आहे. त्या मुलाला अजून मदत मिळालेली नसणार.

तुमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती आहे का? २०२२ च्या शासन निर्णयाने सगळ्या शाळांत असायला हवी. बऱ्याच ठिकाणी फक्त भिंतीवर बोर्ड आहे.

—

बोरीवली_फास्ट

डॉक्टर, तुमचं लिहिलेलं बायकोला वाचायला दिलं. एक शंका. कुणी आई तुमच्याकडे आली आणि म्हणाली की दिराने असं केलंय, फक्त मुलीला बरं करा, पोलिसांत नको, तर तुम्ही काय करता? कायद्याने तुम्हालाही कळवावं लागणार. मग कोण येईल तुमच्याकडे?

—

डॉ_मनवा

बरोबर जागी बोट ठेवलंत. मला कळवावंच लागतं, त्यातून डॉक्टरांना सूट नाही. म्हणून मी पहिल्याच भेटीत, त्यांनी काही सांगायच्या आधी, हे स्पष्ट सांगते. काही जण उठून जातात. त्यातलं एखादं मूल उपचारांवाचून राहत असेल, हे मला डाचतं. सक्तीची नोंद नको, निदान मोठ्या मुलांचं मत विचारा, असं म्हणणारे माझे सहकारी आहेत. मी अजून त्या बाजूला नाही. घरातच तो माणूस राहत असेल तर आतला उपचार म्हणजे गळक्या टाकीत पाणी भरणं. पण तुमचा प्रश्न सुटलाय असं मी म्हणणार नाही.

—

दादरचा_वकील

मी इथे डॉक्टरांपेक्षा कायद्याच्या बाजूला थोडा जास्त आहे. मुंबईत सून एका खोलीत सासू-सासऱ्यांबरोबर राहते. तिला पोलिसांत जायचं नाही म्हणजे बहुतेकदा तिला जायला जागा नाही. तिची ‘इच्छा’ म्हणून आपण जे मोजतो ते भाडं परवडत नाही याचंच दुसरं रूप असतं.

आता कोर्ट. मुलाने आरोपीला बघायला लागू नये म्हणून पडदा किंवा व्हिडिओ, कलम ३६. बंद दाराआड सुनावणी, कलम ३७. बचावाच्या वकिलाने प्रश्न थेट मुलाला विचारायचे नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारायचे, चारित्र्यावर चिखलफेक नाही, मध्ये विश्रांती, पुन्हा पुन्हा बोलावणं नाही, कलम ३३. हे पाळलं जातं का? न्यायाधीशांवर आहे. काही न्यायाधीश पोराला खुर्चीजवळ घेऊन शाळेच्या गप्पा मारतात. काही ठिकाणी कोर्टात पडदा लावतात आणि बाहेरच्या पॅसेजमध्ये त्याच बाकावर आरोपीची आई आणि मूल शेजारी बसतात. माझा सल्ला, तारखेला आत बोलावेपर्यंत मूल कोर्टाच्या आवारात आणूच नका, फोनवर कळवायला सांगा.

आरोपीच्या जामीन अर्जाची नोटीस तुम्हाला मिळायला हवी आणि तुमचं म्हणणं ऐकायला हवं. सरकारी वकील सरकारचा असतो, पण मुलाला स्वतःचा वकील ठेवता येतो, कलम ४०. महिला आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

पैसे: अत्याचारग्रस्तांना मदत देणारी राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, आता जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बघतं, कमाल १० लाखांपर्यंत. शिवाय विशेष न्यायालय खटला चालू असतानाच अंतरिम भरपाई देऊ शकतं. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाई मिळू शकते. हे शेवटचं कुणीच सांगत नाही.

—

जुना_सभासद_नवा_आयडी

इथे बरीच वर्षं लिहितोय, आज वेगळ्या आयडीने आलोय. वय पंचेचाळीसच्या पुढे. गिरगावच्या चाळीत वाढलो. शिकवणीचे सर. चौथीची स्कॉलरशिप. घरी सांगितलं नाही, कारण मुलग्यांना असं काही होतं हेच कुणाला माहीत नव्हतं. स्कॉलरशिप मिळाली, आईने त्यांना पेढे दिले.

आजही न्हाव्याच्या खुर्चीत बसलो आणि त्याने मागून मानेवर हात ठेवला की घाम फुटतो. बायकोला वाटतं मला गर्दीचा त्रास आहे. सर अजून जिवंत आहेत, नातवंडं आहेत. आता तक्रार होऊ शकते का? आणि नाही केली तर?

—

डॉ_मनवा

लिहिलंत ते बरं केलंत. मुलग्यांना होतं. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या १३ राज्यांतल्या पाहणीत ज्यांनी लैंगिक अत्याचार सांगितला त्यांच्यात मुलगे निम्म्याहून जास्त होते, महाराष्ट्र त्यात होता.

न्हाव्याच्या खुर्चीचं ते आघाताच्या स्मृतीचं लक्षण असू शकतं. पंचेचाळीशीनंतरही त्यावर काम होतं, मोठ्यांसाठीचे उपचार चांगले आहेत. तक्रार करायची की नाही हे आज ठरवायची गरज नाही. आज एका माणसाची अपॉइंटमेंट घ्या. बायकोला कधी सांगायचं तेही तुमच्या हातात.

—

दादरचा_वकील

दादा, पॉक्सो १४ नोव्हेंबर २०१२ ला लागू झाला, मागच्या घटनांना लागत नाही. त्या काळचा भारतीय दंड विधान लागेल. मुलग्यांसाठी त्यात मुख्यतः कलम ३७७ होतं, तेही ठराविक कृत्यांनाच. ते लागू होत असेल तर मुदतीची आडकाठी नाही, कारण तीन वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांनाच मुदत असते. पुरावा अवघड, हे आधीच सांगतो. पण ते अजून शिकवण्या घेत असतील किंवा त्यांच्या घरात लहान मुलं असतील, तर प्रश्न आजचा होतो. मग १०९८ ला कळवता येईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फी घेणार नाही.

—

जुना_सभासद_नवा_आयडी

शिकवण्या बंद आहेत. नातू आहे, सात-आठ वर्षांचा असेल. व्यनि केलाय.

—

शाळामास्तरीण

१०९८ ला फोन केला. मराठीत बोलल्या. माझं नाव गुप्त ठेवतील म्हणाल्या, शाळेचं नाव आणि शिपाई आता कुठे आहे ते विचारलं. मुख्याध्यापिका माझ्या नणंदेची मैत्रीण आहे, घरी काय होईल ते होवो.

आसावरीताई, आमच्या सखी सावित्री समितीत पालक प्रतिनिधी म्हणून कोण घ्यावं?

—

आसावरी_माहीम

शाबास. पालकांमधली एखादी अशी बाई घ्या जी वस्तीत राहते आणि जिच्याकडे मुलं सहज बोलतात. नगरसेवकाच्या ओळखीची नको. पहिल्या मीटिंगला मी येते, पत्ता व्यनि करा.